मापाची हत्यारे : थोडी घ्या, पारखून घ्या

फिटिंगचे काम नव्याने सुरू करणारे आपले अनेक तरुण पहिल्याच दिवशी हत्यारांची भरलेली पेटी विकत घेतात. भांडवल अडकते आणि माप चुकायचे ते चुकतेच. सुरुवातीला पाच वस्तू पुरतात : 300 मि.मी.ची पोलादी पट्टी, गुण्या, स्क्राइबर, सेंटर पंच आणि डिव्हायडर.

पट्टीवरील खुणा कोरलेल्या असाव्यात. नुसत्या छापलेल्या खुणा लवकर पुसतात. गुण्या दुकानातच तपासावा. पत्र्याच्या सरळ कडेला तो टेकवून एक रेघ ओढा. मग उलटा करून त्याच खुणेपासून दुसरी ओढा. रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या, तर दिसणारे अंतर प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते.

0.02 मि.मी.पर्यंत माप देणारा व्हर्नियर नंतर घेतला तरी चालेल. जुना घेताना जबडे पुसून मिटवा आणि उजेडासमोर धरा. फट दिसली किंवा दोन्ही पट्ट्यांवरील शून्ये जुळली नाहीत, तर कितीही स्वस्त असो, परत करा.

बंधूंनो, खोटा गुण्या एकच नग बिघडवत नाही. त्यावर आखलेला प्रत्येक नग बिघडतो. माल वाया जातो आणि गिऱ्हाईकही तुटते.