उठाबशा आणि वाटीभर घट्ट वरण



पहिलीच्या वर्गात आमचं निम्मं काम जमिनीवर बसूनच चालतं. गेल्या वर्षी एक दिवस मुलांसोबत मणी मोजून झाले, मी उठायला गेले आणि उठताच येईना. एका मुलीने हात पुढे केला, "बाई, धरा." माझं वय तेव्हा पस्तीस. हसून वेळ मारून नेली, पण घरी जाऊन विचार करत बसले.

साधारण तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात. वजनकाटा तोच आकडा दाखवतो, म्हणून ते कळत नाही. चालणं चांगलंच, मीही रोज चालायचे, पण स्नायूंना टिकून राहायला ओझं लागतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. त्याला जिमच पाहिजे असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. आठ-दहा वेळा जमलं की पुढच्या आठवड्यात दोन वाढवायचे. श्वास रोखायचा नाही. गुडघा किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. (उठाबशा आपल्याला लहानपणी शिक्षा म्हणूनच भेटल्या, त्यामुळे त्यांच्यावर राग राहिला असावा!)

दोन महिने नेमाने केलं, पण थकवा काही जाईना. मग ताटाकडे पाहिलं. व्यायामाने स्नायूंवर ताण येतो आणि त्यांची दुरुस्ती होते ती प्रथिनांतून. आपल्याकडच्या पोषण शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. माझं वजन ५५ किलो, म्हणजे ४६ ग्रॅम झाले. आता माझा दिवस मोजा: सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि बटाट्याची भाजी, रात्री भात आणि सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेलं पातळ वरण. बेरीज पंचवीसच्या पुढे जाईना.

विकतचं काही न आणता ती वाढली. ३० ग्रॅम डाळीचं वाटीभर घट्ट वरण म्हणजे साधारण ७ ग्रॅम, तेवढ्याच मटकीची उसळ ७, मूठभर शेंगदाणे ७, एक अंडं ६, पेलाभर दूध ६. बाकीचं भाकरी-पोळीतून येतं. धान्यात लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. म्हणून भाकरीशेजारी पिठलं किंवा उसळ हवीच.

नुसती डाळ वाढवून बसून राहिलं तर स्नायू वाढत नाहीत, हेही तितकंच खरं.

आता मुलांचं. चौथीतल्या मुलाच्या बाबांनी विचारलं, "बाई, प्रोटीनचा डबा सुरू करू का?" म्हटलं, आधी खाऊच्या डब्यातला बिस्किटपुडा बंद करा. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलासाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं ठरवलेली आहेत. त्याने ती खिचडी पूर्ण खाल्ली तरी बराच पल्ला गाठला. मुलांना रोज तासभर हालचाल हवी, त्यात आठवड्यातून तीन दिवस तरी हाडं-स्नायू बळकट करणारी. लंगडी, दोरीवरच्या उड्या, झाडावर चढणं यात ते सगळं येतं. मात्र खेळाचा तास कापून गणित घेणाऱ्यांत मीही होते, हे कबूल करते.

तिसरी-चौथीसाठी एक उपक्रम करून पाहा. घरातल्या प्रत्येकाने काल रात्री काय खाल्लं ते मुलांना लिहून आणायला सांगा. आमच्याकडे एका मुलाने बाबांपुढे "भाकरी, आमटी, अंडं" लिहिलं होतं. आईपुढे एकच शब्द होता, "उरलेलं". मी तो कागद कोणाचं नाव न घेता पालकसभेत वाचला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागून एका आजीने विचारलं, "बाई, त्या उठाबशा माझ्या वयाला चालतील का?"

चालतील आजी, खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि पाचपासून सुरू करा.