बुबुळं हलणाऱ्या लेकरांच्या घरांसाठी

माझ्या मुलीची बुबुळं जन्मापासून आडवी हलतात. डॉक्टर याला निस्टॅग्मस म्हणतात. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकानं आम्हाला पुढं धाडलं आणि साताऱ्याहून कराड, मिरज अशा खेपा सुरू झाल्या. त्यातून उमगलेलं सांगते.

१. मूल मान वाकडी करून बघत असेल तर बघू द्या. ठरावीक दिशेला नजर नेली की हालचाल सर्वांत कमी होते, तिथंच त्याला स्पष्ट दिसतं. घरी येणारा प्रत्येक जण आमच्या पोरीला "मान सरळ कर गं" म्हणून टोकायचा. तिची नजर डावीकडे स्थिरावते, म्हणजे फळा तिच्या डाव्या हाताला हवा. शाळेतल्या बाईंनी तिला उजव्या कडेच्या पहिल्या बाकावर बसवलं आणि मान आपोआप सरळ झाली. पैसा न लागता झालेला एवढा मोठा उपाय मी दुसरा पाहिला नाही.

२. पुस्तक नाकाशी धरलं तर ओढू नका. जवळचं पाहताना डोळे आत वळतात आणि बऱ्याच मुलांची हालचाल मंदावते.

३. एक डोळा झाकला की काहींची बुबुळं जास्त हलतात. म्हणून दोन्ही डोळ्यांनी मिळून किती दिसतं, तेही कागदावर लिहून मागा.

४. स्पर्शाच्या उपायाबद्दल सगळे विचारतात. १९८८ मध्ये अमेरिकेत लुई डेलोसो आणि सहकाऱ्यांना दिसलं, की कॉन्टॅक्ट लेन्स घातल्यावर हालचाल घटते आणि डोळा बधिर करणारे थेंब टाकले की तो फायदा जातो. म्हणजे पापणीला होणारा स्पर्शच मेंदूपर्यंत काही पोचवत असावा. पुढं कपाळावर, मानेवर कंपन देऊनही प्रयोग झाले. पण नंतरच्या छोट्या चाचणीत लेन्स चष्म्यापेक्षा सरस ठरली नाही. आमच्याकडच्या धुळीत लहान मुलाची लेन्स स्वच्छ राखणंही सोपं नाही. आम्ही चष्म्यावरच राहिलो. मालिश करून, यंत्र लावून डोळे थांबवतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

५. कारण शोधा. केस-कातडी फार गोरी असेल, उन्हात डोळे दिपत असतील, तर अल्बिनिझम आहे का ते विचारा. बहुतेकदा तो दोष आई-बाप दोघांकडून येतो, त्यामुळं नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. सुनेला बोल लावू नका.

६. मोठ्या माणसाची बुबुळं एकाएकी हलू लागली, तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.