मले पुस्तक नाही भेटलं

साकोली
श्रावण वद्य पंचमी

चि. छकुलीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन दर रविवारी येतो, तेव्हाच हे बोलता आलं असतं. पण तुझी आई शेजारी बसलेली असते आणि तिच्यासमोर तुला रागवण्याची माझी कधी हिंमत झाली नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून कागद घेतला. शाळेच्या घाईत वाचू नकोस, संध्याकाळी निवांत वाच.

परवा बाजारात एक म्हातारा भेटला. चुलबंद नदीच्या पलीकडचा. मी मास्तर होतो हे त्याला माहीत होतं, म्हणून बोलायला थांबला. त्यानं गावाचं नाव सांगितलं तेव्हा मी विचारलं, तिथल्या शाळेत नवीन मॅडम आली आहे ना? तू माझी भाची, हे काही मी सांगितलं नाही. म्हाताऱ्यानं तुझी स्तुतीच केली. म्हणाला, "लय शुद्ध बोलते जी मॅडम. आमचा नातू तिसरीत हाये. थो म्हने, मले पुस्तक नाही भेटलं. त मॅडम म्हने, पुस्तक काय मानूस आहे का भेटाले? सारे पोट्टे हासले. बरोबरच हाये जी, आमच्याच पोराले बोलता येत नाही. आता त घरीबी बोलूनच नाही राहिला."

तक्रार म्हणून नाही सांगितलं त्यानं. मान खाली घालून सांगितलं, स्वतःच्या घरचा दोष सांगावा तसं. मी विचारलं, मग पुस्तक मिळालं का? तर म्हणाला, "थे काही मालूम नाही."

छकुली, त्या पोराला पुस्तक मिळालं का?

रात्रभर तेच डोक्यात होतं. पोर तुला एक गोष्ट सांगायला आलं होतं. बाकीच्यांच्या हातात पुस्तक आहे आणि आपल्या हातात नाही, ही आठ वर्षांच्या मुलाला केवढी मोठी गोष्ट. पुस्तकांची मागणी आदल्या वर्षीच्या पटावर जाते, मध्येच दाखल झालेल्या मुलाला ती कमी पडतात, हे मला माहीत आहे. त्यात तुझी चूक नाही. पण त्यानं जे सांगितलं ते तू ऐकलंच नाहीस. कसं सांगितलं तेवढंच ऐकलंस.

आता तू म्हणशील, मामा, "माणूस भेटतो, वस्तू मिळते" हे तुम्हीच तर शिकवलंत. हो, मीच शिकवलं. तू चौथीत असताना ओसरीवर बसवून. "पैसे भेटले", "नोकरी भेटली" असं कोणी म्हटलं की अजून माझ्या कानाला टोचतं. मराठीत दोन क्रियापदं आहेत, त्यांची कामं वेगळी आहेत आणि हा फरक टिकावा असं मला मनापासून वाटतं. हिंदीत एक 'मिलना' दोन्हीकडे चालतं. आपला जिल्हा बालाघाटला लागून आहे, तिकडचा वाराही लागला असेल. पण हे आठवून बघ. तुझे आबाजी जन्मभर "बस भेटली", "बोनस भेटला", "धानाले भाव भेटला" असंच म्हणत आले. त्या भेटलेल्या भावावर माझं डी.एड. झालं आणि तुझ्या आईचं मॅट्रिक झालं. आबाजींना मी कधी दुरुस्त केलं नाही. मग त्या पोरालाच वेगळा न्याय का? ते लहान आहे आणि उलटून बोलू शकत नाही म्हणून?

टोचायचीच असेल तर आपल्या शिकलेल्यांची भाषा टोचू दे. फळ्यावर "दुःखद निधन" लिहितो, जसं काही निधन सुखदही असतं. मदत माणसाला करायची असते, पण आता सगळीकडे "माझी मदत कर" चालतं. "मला म्हणाला"च्या जागी "मला बोलला". कार्यक्रम साधा "झाला" असं कोणी लिहीत नाही, तो "संपन्न"च होतो, आणि जे काही होतं ते कशाच्या तरी "माध्यमातून" होतं. पाहुणा अर्धा तास काहीही बोलो, बातमीत त्यानं "मोलाचे मार्गदर्शन" केलेलं असतं. 15 ऑगस्टच्या तुझ्या भाषणाचा व्हिडिओ तुझ्या आईनं मला कौतुकानं दाखवला. छान बोललीस, आवाज खणखणीत आहे. पण चार मिनिटांत नऊ वेळा "या ठिकाणी" म्हणालीस. या ठिकाणी जमलेले, या ठिकाणी सांगू इच्छिते, या ठिकाणी आभार. तुझी जीभ असं कधी बोलत नव्हती. पुढाऱ्यांचं ऐकून ऐकून ते आपल्या तोंडात बसतं आणि बसलं हे कळतही नाही. त्या पोराच्या "भेटलं"मध्ये निदान एक खरी गरज होती.

रागावलो, मला माहीत आहे. पण राग तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त आहे, आणि त्याचं कारण तुला मी आजवर सांगितलेलं नाही. तुझ्या मामीलाही नाही.

1984 साली मी मोहाडीकडच्या एका शाळेत होतो. नोकरीला तीन वर्षं झाली होती. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम तोंडपाठ, 1962चे 14 आणि 1972चे 4, आणि त्याचा गर्वही भारी. पाचवीत एक मुलगी होती. वाचनात हुशार, आवाज मोठा. धडा वाचताना तिनं "सकाळ"ला "सकार" वाचलं. मी थांबवलं. म्हटलं, ळ म्हण. ती म्हणाली, र. पुन्हा म्हण. पुन्हा र. सगळ्या वर्गासमोर मी तिला वीस वेळा म्हणायला लावलं. मोजत होतो मी, बोटांवर. विसाव्या वेळीही र च आला, आणि तिच्या ओठांवर घाम आला होता, तो अजून दिसतो मला. त्यानंतर तिनं वर्गात मोठ्यानं वाचलं नाही. सातवीनंतर शाळा सुटली.

पुढे कितीतरी वर्षांनी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांचं झाडीबोलीवरचं काम वाचलं, तेव्हा उमगलं. आपल्या झाडीच्या तोंडात ळ नाही, ण नाही. डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचं पानी होतं, लाखोळीची लाखोरी होते. हा त्या बोलीचा स्वतःचा नियम आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. मी त्या मुलीकडून वीस वेळा जे मागितलं, ते तिच्या आईनं, आजीनं कधी उच्चारलेलंच नव्हतं. आणि ते 18 नियम? ते लेखनाचे आहेत. लेकरानं घरचं बोलणं बोलू नये, असं त्यांतला एकही नियम सांगत नाही. मी 35 वर्षं शिकवलं आणि हे साधं वाक्य निवृत्तीच्या जवळ आल्यावर मला सुचलं.

ती मुलगी नंतर दिसली मला, सात-आठ वर्षांपूर्वी, रोवणीच्या दिवसांत. आपल्या साडूच्या धानाच्या बांधीकडे गेलो होतो. चिखलात वीस-पंचवीस बाया वाकलेल्या, हातात पऱ्ह्याच्या जुड्या, आणि एक बाई गाण्याची ओळ सांगत होती, बाकीच्या उचलत होत्या. तोच आवाज. शेताच्या पार जाईल असा. मी धुऱ्यावर उभा राहून ऐकत होतो. तिनं मान वर केली, मला ओळखलं, पदर सावरून "नमस्कार सर" म्हणाली आणि गाणं थांबलं. मी तिथून जाईपर्यंत ते पुन्हा सुरू झालं नाही.

म्हणून विचारतो, त्या पोराला पुस्तक मिळालं का? ते बोलायला लागलं का?

तू कठोर नाहीस. पुण्याला गेलीस त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट आठव. भाजीवाल्या बाईला तू सांबार मागितलास आणि ती म्हणाली, हॉटेलात जा. खोलीवरच्या मुली आठवडाभर तुला 'सांबार' म्हणून हाक मारायच्या. रात्री फोनवर तू रडलीस, तुझी आईही रडली, आणि त्यानंतर तू घरीसुद्धा कोथिंबीर म्हणायला लागलीस. गंज म्हणायचं सोडलंस, पातेलं म्हणायला लागलीस. तुझ्या आजीनं एकदा मला विचारलं होतं, "पोरगी आपल्याशी अशी परक्यासारखी काहून बोलते रे?" तेव्हा मी हसून टाळलं. तुला जवळ घेऊन विचारायला हवं होतं. ते जे तुला लागलं होतं, तेच नकळत तू वर्गात घेऊन गेलीस, असं मला वाटतं. त्यात माझाही वाटा आहे. ओसरीवर मीच तुला सुधारलं होतं, आणि माझीही छडी जवळच असायची.

प्रमाण मराठी शिकवूच नको, असं मी म्हणत नाही. त्या पोराला ती यायलाच हवी. उद्या अर्ज लिहायचा आहे, परीक्षा द्यायची आहे, नागपूर-पुण्यात उभं राहायचं आहे. पण ती अशी शिकव: ते म्हणेल, "मले पुस्तक नाही भेटलं." तू म्हण, "मिळालं नाही का तुला? थांब, बघते." एवढंच. योग्य शब्द त्याच्या कानावर पडला आणि त्याचं कामही झालं. दहा वेळा ऐकलं की अकराव्यांदा तेच म्हणेल, आणि घरी आजोबांशी बोलताना पुन्हा "भेटलं" म्हणेल. त्याला दोन्ही येतील.

आपला भंडारा या बाबतीत लहान नाही गं. लीळाचरित्रातले नीळभट्ट भांडारेकार इथलेच. त्याच महानुभाव पंथात नागदेवाचार्यांनी केशोबासांना संस्कृतात लिहू नका म्हणून सांगितलं, कारण मग म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. सातशे वर्षांपूर्वी ज्यांनी अडाणी म्हाताऱ्यांचा विचार करून मराठी धरली, त्यांची ही भाषा आहे. तिच्या नावानं एका म्हाताऱ्यानं बाजारात माझ्यासमोर मान खाली घालावी, हे मला सहन झालं नाही. म्हणून एवढं लिहिलं.

तू चांगली शिक्षिका आहेस. तुझ्या शाळेचा पट टिकावा म्हणून तू रोवणीच्या दिवसांत घरोघरी फिरलीस, हेही मला कळलं आहे. बूट चिखलात रुतले, तेही. जेवण वेळेवर कर. पावसात गाडी चुलबंदच्या पुलावरून हळू ने, पाणी वरून जात असेल तर थांबून राहा, उशीर झाला तरी चालेल.

पोळ्याआधीच्या रविवारी घरी ये. मामी लाखोरीच्या डाळीचे वडे करणार आहे, तुझ्यासाठी सांबारही घातला आहे परसात. शेजारच्या पोरीचं मागच्या वर्षीचं तिसरीचं पुस्तक मी मागून आणलं आहे. दोन पानं सुटली होती, ती चिकटवली आणि खाकी कव्हर घातलं. तान्ह्या पोळ्यासाठी सुताराकडून एक छोटा लाकडी बैलही आणला आहे. दोन्ही जाताना घेऊन जा. पुस्तकावर नावाची जागा कोरी ठेवली आहे. त्याचं नाव काय, ते म्हाताऱ्याला विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

तुझा
मामा