शाखा बदलली, तरी वाट खुली

मुळा आणि पवना या नद्यांच्या संगमानजीक वसलेले दापोडी तंत्रविद्येशी निगडित गाव आहे. लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा येथेच आहे. अशा परिसरातील तरुण दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेकडे वा तंत्रनिकेतनाकडे वळतात, हे स्वाभाविकच होय. परंतु पुढे नोकरी सांभाळून एखाद्याने अर्थशास्त्राचा वा मराठीचा अभ्यास केला आणि विद्यापीठात शिकविण्याची आकांक्षा धरली, तर ‘तुमची शाखा वेगळी’ एवढ्या एका वाक्याने त्याची उमेद खचते. हे वाक्य कितपत खरे आहे, हे सल्ला देणाऱ्या शिक्षकांनी व लोकप्रतिनिधींनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वसूरींची वाटचाल

डॉ. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ साली पदवी मिळविली. १९२८ मध्ये मुंबई विद्यापीठातून समाजशास्त्रात त्या एम. ए. झाल्या आणि पुढे बर्लिन येथे मानवशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. काही वर्षे महिला विद्यापीठाच्या कुलसचिवपदाचे काम पाहून १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापनासाठी रुजू झाल्या. तीन विषयांचा हा प्रवास त्यांच्या संशोधनाला पोषकच ठरला.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी तर हार्वर्डची १९२९ ची केवळ पदवी होती. तेवढ्यावर त्यांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकविले आणि नाणकशास्त्र व प्राचीन इतिहासातही मोलाची भर घातली. मात्र त्या काळी चालले ते आज नियमांत बसणार नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आजची अट

पूर्वीच्या ‘अधिव्याख्याता’ पदाला आता ‘सहायक प्राध्यापक’ म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आणि त्यांतील २०२३ ची दुरुस्ती यांनुसार, संबंधित वा संलग्न विषयात किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट वा सेट उत्तीर्ण असणे ही सर्वसाधारण किमान अर्हता होय. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग (उन्नत गट वगळून) व दिव्यांग उमेदवारांना गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. म्हणजे कसोटीचा मुख्य बिंदू पदव्युत्तर पदवीचा विषय हा आहे. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन पुढे अर्थशास्त्रात बी. ए., एम. ए. व सेट केलेला उमेदवार अर्थशास्त्राच्या पदास पात्र ठरतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे निकष वेगळे आहेत. तेथे पदवी व पदव्युत्तर पदवी दोन्ही सुसंगत शाखेतील लागतात.

नोकरदारांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्था आहेत. आयोगाची मान्यता असलेल्या दूरस्थ अभ्यासक्रमांच्या पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी नेटला वयोमर्यादा नाही.

दक्षता कोठे घ्यावी

पहिली गोष्ट अशी की, प्रवेश घेण्यापूर्वीच त्या अभ्यासक्रमाची मान्यता तपासावी. दुसरी, नेट-सेट शक्यतो पदव्युत्तर पदवीच्याच विषयात द्यावी. तिसरी, ‘संलग्न विषय’ कोणता याबाबत शंका असल्यास विद्यापीठाकडून लेखी खुलासा मागवावा. तोंडी आश्वासनावर दोन वर्षे खर्ची घालू नयेत. चौथी, अर्जांच्या छाननीत पदवीचे गुणही मोजले जातात, म्हणून पहिल्या पदवीकडे दुर्लक्ष करू नये. जानेवारी २०२५ मध्ये प्रसृत झालेल्या मसुद्यात, पदव्युत्तर पदवी अन्य विषयातील असली तरी नेट वा पीएच. डी.चा विषय ग्राह्य धरण्याचा प्रस्ताव होता. परंतु मसुदा म्हणजे नियम नव्हे. अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेले विनियम आणि प्रत्यक्ष जाहिरात हीच प्रमाण मानावी.

पात्रता म्हणजे नेमणूक नव्हे, याचीही जाणीव उमेदवारास द्यावी. तथापि केवळ शाखा वेगळी म्हणून कोणास परत पाठवू नये. त्याने पदव्युत्तर शिक्षण कोणत्या विषयात घेतले आहे वा घेऊ इच्छितो, हे आधी विचारावे आणि त्यानुसार पुढील मार्ग दाखवावा.