सातबाराचे वाचन : कागदावर आणि पडद्यावर

घरी पेटीत जपून ठेवलेला सातबारा बहुधा कर्ज, वाटणी किंवा तंटा उद्भवल्यावरच बाहेर निघतो. वारसाचे नाव राहून गेले आहे किंवा क्षेत्र कमी लागले आहे, हे त्या वेळी ध्यानात येते. आता हा उतारा संगणकावर व मोबाईलवर घरबसल्या पाहावयास मिळतो. तथापि उतारा पाहणे आणि तो वाचणे या दोन भिन्न गोष्टी होत.

पेन्सिल आणि शाई

हस्तलिखित सातबारावरील प्रत्येक खुणेला अर्थ असे. खरेदी, वाटणी वा वारसा यांची फेरफार नोंद घेतली की तलाठी सातबारावर पेन्सिलीने टीप करीत. हरकतीची मुदत संपून मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर ती शाईने पक्की होई. जुन्या खातेदाराच्या नावाला कंस पडे. कच्ची नोंद कोणती व पक्की कोणती, हे जाणकारास पाहताक्षणी कळे.

संगणकीकृत उताऱ्यात पेन्सिल नाही. तिचे कार्य शेऱ्याकडे आले आहे. 2020 साली मंजूर झालेल्या नव्या नमुन्यात प्रलंबित फेरफार स्वतंत्रपणे दर्शविला जातो, जुने फेरफार क्रमांक वेगळ्या रकान्यात येतात आणि कमी केलेल्या नोंदींवर आडवी रेघ असते. या खुणा न समजल्यास स्वच्छ छापील उताराही मुकाच राहतो.

जुन्या दप्तराचा शोध

नांदेड व लातूर जिल्ह्यांत या वाचनाला आणखी एक अंग आहे. निजाम राजवटीतील दप्तर बहुतांशी उर्दूत असून काही कागद मोडी लिपीत आहेत. त्यांवरील वर्ष फसली असते. त्यात 590 मिळविले असता इसवी सनाचे वर्ष स्थूलमानाने कळते. 1317 फसली म्हणजे 1907-08. किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात, तर अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा 1982 साली उस्मानाबादमधून (आताचे धाराशिव) वेगळा झाला. म्हणून जुना कागद शोधताना त्या काळचा जिल्हा आधी निश्चित करावा लागतो.

2023 साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू व मोडी जाणणाऱ्यांचे महत्त्व सर्वांच्या प्रत्ययास आले. जीर्ण पानाचे छायाचित्र पडद्यावर मोठे करून पाहता येते आणि मूळ कागदास हात लागत नाही, हा मोठाच लाभ होय. परंतु छायाचित्र लिपी शिकवीत नाही. वाचणारा माणूस लागतोच.

पडद्याची मर्यादा

कागद व पडदा यांवरील वाचनासंबंधी 2000 ते 2017 या काळातील 54 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2018 साली प्रसिद्ध झाला. 1 लाख 70 हजारांहून अधिक वाचकांचा समावेश असलेल्या या आढाव्यात माहितीपर मजकुराचे आकलन कागदावर अधिक चांगले होते, असे दिसून आले. वेळेचे बंधन असता हा फरक वाढतो. घाईने मोबाईलवर उतारा पाहणाऱ्याने ही बाब लक्षात घ्यावी.

राज्यात 2017 साली संगणकीकृत सातबारांचे चावडी वाचन झाले, त्यामागे हीच दृष्टी होती. उतारा मोठ्याने वाचला जाई आणि खातेदार आपल्या कागदाशी तो ताडून पाहत.

वाचनाची पद्धत

उतारा प्रथम पडद्यावर शोधावा व त्याची प्रत छापून घ्यावी. मूळ कागदावर किंवा स्वाक्षरीच्या प्रतीवर काहीही लिहू नये. झेरॉक्स प्रतीवर पेन्सिलीने खुणा कराव्यात. गट क्रमांक व एकूण क्षेत्र तपासावे. सर्व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज करून ती एकूण क्षेत्राशी जुळते का, हे पाहावे. त्यानंतर नावे, विशेषतः विधवा व मुलींची वारस म्हणून लागलेली नावे, जुन्या उताऱ्याशी ताडावीत. 'इतर अधिकार' या रकान्यातील फिटलेल्या कर्जाचा बोजा कमी झाला आहे का, हेही पाहावे. शेवटी प्रलंबित फेरफाराचा शेरा वाचावा.

लेखनातील चूक आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 अन्वये दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अर्जासोबत जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल जोडल्यास चूक नेमकी कोठे शिरली, हे दाखविता येते. त्यासाठी जुना कागद जपावा आणि नवा उतारा वर्षातून एकदा तरी पेन्सिल हाती घेऊन वाचावा.