नव्या पर्वाचा पहिला भाग

(पाठाविषयी : मालिका पाहून ‘आवडली’ किंवा ‘आवडली नाही’ असे आपण सहज म्हणतो. ते का, हे नीट लिहिता येणे ही एक कला आहे. या पाठात एका विनोदी मालिकेच्या आधाराने परीक्षण कसे लिहावे, हे सांगितले आहे.)

मालिका घरच्या दूरदर्शन संचावर पाहा किंवा मोबाइलवर पाहा, दुसऱ्या दिवशी वर्गात तिची चर्चा होतेच. कोणी म्हणतो, “खूप हसलो.” कोणी म्हणतो, “पूर्वीची मजा राहिली नाही.” ही झाली मते. मताला कारणे आणि उदाहरणे जोडली की त्याचे परीक्षण होते. यालाच उर्दूत ‘तब्सिरा’ म्हणतात.

येथे एक शब्द जपून वापरा. उर्दूत ‘खुलासा’ म्हणजे सारांश. मराठीत ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण. परीक्षणात सारांश थोडा असावा आणि स्पष्टीकरण अधिक असावे. सगळी गोष्ट सांगून टाकली, तर वाचकाने मालिका कशाला पाहायची?

आता एक उदाहरण घेऊ. ‘पंचायत’ ही हिंदी मालिका ३ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. लेखक चंदन कुमार आणि दिग्दर्शक दीपक कुमार मिश्रा. उत्तर प्रदेशातील फुलेरा या काल्पनिक गावाची ग्रामपंचायत कचेरी हे तिचे मुख्य ठिकाण आहे. शहरात शिकलेला अभिषेक त्रिपाठी तेथे सचिव म्हणून येतो. आपल्याकडे ज्यांना ग्रामसेवक म्हणत आले, तसेच हे काम. मंजूदेवी गावाच्या प्रधान आहेत. पण सुरुवातीला सारा कारभार त्यांचे पतीच पाहतात.

पहिल्याच भागात अभिषेक गावात पोहोचतो, तर कचेरीला कुलूप! चावी प्रधानांच्या पतीकडून शेताकडे जाताना हरवलेली असते. कुलूप तोडावे की चावी शोधावी, यावर वाद चालतो. नव्या नोकराला स्वतःच्याच कचेरीत जाता येत नाही, याचे आपल्याला हसू येते.

हा प्रसंग पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात, कैनाडसारख्या गावात बसून पाहा. चिकूच्या वाडीतील दिवसाची मजुरी बुडवून एखादी बाई मुलाच्या दाखल्यासाठी कचेरीत येते. दाराला कुलूप असते. ती परत जाते आणि दुसरा दिवसही बुडतो. मालिकेतले तेच कुलूप तिच्यासाठी हसण्याची गोष्ट नाही. सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत मिळावी म्हणून महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला, तो अशाच माणसांसाठी. कचेरीवरील विनोदाचे परीक्षण करताना म्हणून एक प्रश्न विसरू नये : आपण कोणाला हसत आहोत? कुलूप लावणाऱ्याला, की दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला?

नव्या पर्वाच्या पहिल्या भागाची कसोटी आणखी कठीण असते. जुन्या प्रेक्षकाला ओळखीची माणसे हवी असतात. पण मागे जे घडले, ते ती माणसे विसरली असतील, तर ती खोटी वाटतात. ‘पंचायत’चे तिसरे पर्व २८ मे २०२४ रोजी आले. त्याच्या पहिल्या भागावर एका विद्यार्थ्याने लिहावे, तसे हे छोटे परीक्षण वाचा.

“दुसऱ्या पर्वाच्या शेवटी आमदाराच्या रागामुळे अभिषेकची बदली झाली होती. उपप्रधान प्रल्हाद यांचा सैनिक मुलगा शहीद झाला होता. तिसऱ्या पर्वात अभिषेकच्या जागी नवा सचिव रुजू होण्यासाठी येतो. अभिषेकच्या प्रेमापोटी प्रधानांची मंडळी त्याला रुजू करून घेण्याचे टाळतात. पहिल्या पर्वात नवा सचिव दाराबाहेर राहिला, तो निष्काळजीपणामुळे. या वेळी त्याला बाहेर ठेवले जाते, ते जाणूनबुजून. हा बदल मला आवडला. जुनीच गंमत नव्या अर्थाने आली आहे. मात्र नव्या सचिवाचा यात काय दोष? तो हुकूम घेऊन कामावर आला आहे. मी हसलो, पण त्याची बाजूही मला पटली. प्रल्हादचे काम फैसल मलिक यांनी केले आहे. त्यांचे दुःख मालिका विसरलेली नाही, म्हणून माणसे खरी वाटतात. सुरुवात संथ आहे, तरी पुढचा भाग पाहावासा वाटतो.”

या परीक्षणात काय काय आहे, ते पाहा. मागची गोष्ट तीनच वाक्यांत आली आहे. शेवट सांगितलेला नाही. गुण आणि उणीव दोन्ही आहेत. मुख्य म्हणजे लिहिणाऱ्याने आपल्याला हसू का आले आणि कोठे मन थबकले, हे प्रामाणिकपणे सांगितले आहे. आवडत्या माणसांची चूकही चूक म्हणता आली पाहिजे. परीक्षण लिहिणाऱ्याची खरी परीक्षा तीच आहे.

शब्दार्थ
परीक्षण – गुणदोष पाहून लिहिलेले मत, तब्सिरा
पर्व – मालिकेचा एक पूर्ण टप्पा
कचेरी – दफ्तर (मराठीत मुलांच्या पुस्तकांच्या पिशवीलाही ‘दफ्तर’ म्हणतात)
दाखला – अधिकृत प्रमाणपत्र
रुजू होणे – नोकरीवर हजर होणे
निष्काळजीपणा – बेपर्वाई
उणीव – कमतरता

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मत आणि परीक्षण यांत काय फरक आहे?
(आ) अभिषेक प्रथम गावात आला, तेव्हा कचेरी का उघडत नव्हती?
२. कारणे लिहा : नव्या सचिवाला रुजू करून घेण्याचे प्रधानांची मंडळी टाळतात.
३. ‘खुलासा’ आणि ‘दफ्तर’ या शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ सांगून प्रत्येकी एक मराठी वाक्य तयार करा.
४. प्रधानपद मंजूदेवींचे आणि कारभार पतीचा, हे योग्य आहे काय? तुमचे मत पाच ओळींत लिहा.
५. उपक्रम : तुम्हांला आवडणाऱ्या मालिकेच्या एका भागाचे दहा ओळींत परीक्षण लिहा. त्यात एक गुण व एक उणीव अवश्य सांगा.