मधपेटी घेण्यापूर्वी फुलोऱ्याचा हिशोब मांडा

मधमाशीपालन हा कमी भांडवलाचा जोडधंदा आहे, असे नेहमी सांगितले जाते व ते खरेही आहे. त्यासाठी वेगळी जमीन लागत नाही आणि मधमाशांपुढे वैरण टाकावी लागत नाही. मात्र वैरण लागतच नाही, असा समज करून घेतला की नवशिक्याची फसगत होते. मकरंद व पराग हीच मधमाशीची वैरण. ती आपण टाकत नसलो तरी शिवारात असावी लागते. हिवाळ्यात आणलेल्या भरल्या पेट्या पुढच्या पावसाळ्यात ओस पडतात आणि मग गोठ्याच्या माळ्यावर जातात, त्याचे मूळ बहुधा येथेच असते.

म्हणून पेटीची चौकशी करण्यापूर्वी एक वही घ्यावी. घरापासून एक-दीड किलोमीटरच्या परिसरात कोणत्या महिन्यात काय फुलते, याची वर्षभर नोंद करावी. ज्यांना वर्षभर थांबणे शक्य नाही त्यांनी गावातील जाणत्या माणसांना विचारावे. पठारी भागात तीळ, कारळा, तूर, सूर्यफूल, करडई, कोथिंबीर, कांदा बीजोत्पादनाचे प्लॉट, शेवगा, कडुनिंब ही नावे वहीत येतील. घाटमाथ्यावर व कोकणात जांभूळ, हिरडा, गेळा, नारळ यांची भर पडेल. ज्वारी, बाजरी व मका यांपासून पराग मिळतो, मकरंद मिळत नाही. तेव्हा केवळ हिरवे शिवार पाहून समाधान मानू नये.

आता वहीतील रिकामे महिने पाहा. खरा प्रश्न तेथे आहे. घाटात जून ते ऑगस्टमधील संततधार आणि पठारावर उन्हाळ्याची अखेर व पावसाळ्याचा पूर्वार्ध हा टंचाईचा काळ असतो. या काळात राणी अंडी घालणे कमी करते, माशा घटतात, पोळी उघडी पडतात आणि मेणकिडा शिरतो. शेवटी उरलेल्या माशा पेटी सोडून जातात. सातेरी मधमाशीत ही पळून जाण्याची सवय अधिक आहे. अशा वेळी साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. पाक बाहेर सांडू देऊ नये, नाहीतर शेजारच्या वसाहतीच्या माशा लुटीला येतात. साखरेचा हा खर्च जमाखर्चात सुरुवातीलाच धरावा.

दुसरी बाब वेळेची. अंड्यातून कामकरी माशी तयार होण्यास सुमारे ३ आठवडे लागतात. बाहेर पडल्यावरही पहिले दोन-तीन आठवडे ती पेटीतील कामे करते, त्यानंतर फुलांवर जाते. म्हणजे आज घातलेले अंडे साधारणपणे दीड महिन्याने मध आणू लागते. फुलोरा आल्यावर आणलेली अशक्त वसाहत त्या फुलोऱ्यात फक्त स्वतःची वाढ करते, मध साठवत नाही. आमच्या मते पठारावर पाऊस ओसरल्यावर सुरुवात करावी आणि पहिल्या वर्षी मधाची घाई करू नये.

सातेरी की मेलिफेरा?

सह्याद्री व कोकणात सातेरी मूळचीच आहे. ती थोड्या फुलोऱ्यावर निभावते, परंतु मध वर्षाला साधारण ५ ते ८ किलोच देते. मेलिफेरा कितीतरी अधिक मध देते, पण तिचे पोट मोठे. एकाच गावात ठेवून ती क्वचितच परवडते. सूर्यफुलावरून कोथिंबिरीकडे, तेथून कांद्याच्या फुलांकडे अशा पेट्या रात्री वाहून न्याव्या लागतात. हे फिरणे ज्यांना घरच्या शेतीमुळे जमणार नाही त्यांनी मेलिफेराच्या मोठ्या संख्येच्या मागे लागू नये. दोन्हींच्या चौकटींचे माप वेगळे असते, तेव्हा पेट्या घेतानाच निर्णय पक्का असावा. आग्या व फुलोरी माशा पेटीत राहत नाहीत. पेट्या एकाऐवजी दोन घ्याव्यात. एकीची राणी मेली तर दुसरीतील ताज्या अंड्यांची चौकट देऊन माशांना नवी राणी तयार करता येते.

ज्यांचे लक्ष मधापेक्षा कांदा बियाणे किंवा सूर्यफुलाच्या उत्पादनावर आहे, त्यांचा हिशोब निराळा. परागीभवनामुळे वाढलेले बी हेच त्यांचे उत्पन्न. त्यांनी फुलोऱ्यापुरत्या पेट्या भाड्याने मिळाल्या तर आधी तेच करून पाहावे.

फवारणीचा प्रश्न मात्र एकट्याने सुटत नाही. आपण फुलोऱ्यात फवारणी टाळली तरी शेजारच्या बांधापलीकडे सकाळी दहाला पंप सुरू झाला तर दुपारपर्यंत पेटीपुढे मेलेल्या माशांचा खच पडतो. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे तर मकरंद व परागातही उतरतात. म्हणून पेट्या आणण्यापूर्वीच शेजाऱ्यांशी बोलावे. फुलोऱ्यात फवारणी टाळावी, अगदीच गरज पडली तर माशा परतल्यावर संध्याकाळी करावी आणि आदल्या दिवशी कळवावे, एवढे ठरले तरी पुरे. कळल्यावर पेट्यांची दारे जाळीने बंद करता येतात किंवा पेट्या हलवता येतात.

डंखाची भीती सरावाने जाते. परंतु पूर्वी डंखामुळे घरातील कोणाला दम लागला असेल किंवा अंगभर पित्त उठले असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पेटी आणू नये. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचे मध संचालनालय येथे प्रशिक्षणाची चौकशी करावी. तेथे जाताना वही सोबत न्यावी आणि रिकाम्या महिन्यांबद्दल आधी विचारावे.